अण्णांचे गार पाय

माझे ओठ बोलताना जरा जास्तच हलतात. अकलूजच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथली पोरं माझी नक्कल करतात ती ओठांवरूनच. खडू हातात धरायचा, तोंड आ वासायचं आणि प्रत्येक अक्षर चावून चावून सोडायचं. एका नव्या बाईंनी मला एकदा विचारलंसुद्धा, "तुम्ही नाटकात कामं करायचात का?" मी म्हटलं, नाही, मी मागावरच्या कामगाराची मुलगी आहे. त्यांना काही कळलं नाही, आणि समजावून सांगायला मीही बसले नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात माग चालवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. कारखाना म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड, आत ओळीनं माग, आणि आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत राहतो त्याचा खटखटाट. तिथं कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओरडतच नाहीत. आवाज न काढता नुसते ओठ हलवतात, आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस ते वाचतो. सुताच्या कांड्या संपल्या, मालक आलाय, चहा सांग, तुझ्या सासऱ्याचं काय झालं, सगळं ओठांवर. अण्णांचे कान आम्हाला कळू लागायच्या आधीच गेलेले होते. पण ओठ ते असे वाचायचे की आम्ही कधी त्यांना बहिरे म्हटलंच नाही. बहिरेपणा हा आमच्या घरात आजार नव्हताच.

उलट त्याचे फायदे होते. आमचं घर कुंभारीला, कामगारांच्या वसाहतीत. आई विड्या वळायची, तिच्या नावावर ते मिळालेलं. तिथं भिंती इतक्या पातळ की सगळ्यांची भांडणं सगळ्यांना पाठ. आमच्या आई-अण्णांची भांडणं मात्र बिनआवाजी व्हायची. आई सूप मांडीवर घेऊन, पानात तंबाखू भरता भरता, नुसत्या ओठांनी अण्णांचा उद्धार करायची आणि अण्णा तितकेच शांतपणे तिच्या माहेरावर जायचे. शेजारीण कौतुकानं म्हणायची, "लई गुणी जोडपं हाय. कदी आवाज न्हाय का भांडान न्हाय." आई पदर तोंडाला लावून हसायची.

अण्णांना शुगर निघाली तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. वसाहतीत घरटी एकाला तरी असतेच. "सगळ्या गल्लीला हाय, मलाच कशाला सोडंल ती?" असं अण्णा म्हणाले. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दर महिन्याला जायचं, रांगेत बसायचं, गोळ्या आणायच्या. हळूहळू एकाचे चार डॉक्टर झाले. डोळ्याला वेगळा, किडनीला वेगळा, छातीत धडधडतं म्हणून वेगळा. प्रत्येकाचा मजला निराळा, प्रत्येकाचा वार निराळा, आणि एकाच्या गोळीचं दुसऱ्याला ठाऊक नाही. सुट्टीत मी घरी गेले की अण्णा पिशवीतले कागद माझ्यापुढे ओतायचे. "वाटून घेतलंय की गं मला यांनी," म्हणायचे. "शुगर एकाला, डोळं एकाला, किडनी एकाला, काळीज एकाला. चौघं भाऊ असल्यागत. हद्दीवरनं भांडत न्हाईत ह्येच नशीब."

आम्ही हसलो होतो. आता ते आठवलं की मला हसू येत नाही, कारण त्या वाटणीत पाय कुणाच्याच वाट्याला आले नव्हते.

मग करोना आला. आला आणि गेला, पण त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या तोंडावरचे मास्क राहिले. राहायलाच हवे होते, दिवसभर खोकणारी माणसं समोर येत असतात. त्यात कुणाची चूक होती असं मी म्हणत नाही. पण अण्णांच्या दृष्टीनं झालं असं की एके दिवशी सगळ्या डॉक्टरांचे ओठ गेले. समोर दोन डोळे, खाली निळं कापड, आणि कापड आत-बाहेर होतंय. आधी ते निदान बघून समजून घेत होते, आता बघायलाच काही राहिलं नाही. आत एका वेळी एकालाच सोडायचे, म्हणून आई दाराबाहेरच्या बाकावर. अण्णा आत जायचे, डॉक्टर कापडाआडून काहीतरी म्हणायचे, अण्णा मान डोलावून "व्हय, व्हय" म्हणायचे आणि बाहेर यायचे.

"काय म्हनाले?" आई विचारायची.

"बरं हाय म्हनाले. गोळ्या चालू ठेवा."

दर महिन्याला हेच. ऐकू येत नाही हे सांगायला त्यांना कमीपणा वाटला की दुसरंच काही, मला माहीत नाही. कारखान्यात मान डोलावणं म्हणजे कळलं. इथं ते मान डोलवायचे म्हणजे सुटलो. माझ्या वडिलांसारखा ताठ माणूस रांगेतल्या मागच्या पन्नास जणांसाठी आपलं न कळणं गिळून बाहेर येत होता, आणि आम्ही सगळे समजत होतो की डॉक्टर म्हणतात बरं आहे तर बरंच असणार.

त्याच सुमारास त्यांचे पाय गार पडू लागले. म्हणजे ते तसं म्हणायचे. आईनं हात लावून बघितला तर पाय काही गार लागायचे नाहीत, पण माणूस म्हणतोय तर असतील. आमच्या गावाकडं पाय गार पडले, मुंग्या आल्या, ओढ लागली की शेक द्यायचा. आजीनं आजोबांना दिला, आईनं अण्णांना दिला. दिवेलागणीला भाकऱ्या झाल्या की आई तव्यावर विटेचा तुकडा ठेवायची. तो तापला की टॉवेलात गुंडाळायची आणि अण्णांच्या तळपायाला लावायची. टॉवेलसुद्धा अण्णांनीच विणलेला, काठाला डाग पडला म्हणून बाजूला टाकलेल्यांपैकी. गुंडाळण्याआधी ती विटेला हात लावून बघायची. सोसवतंय ना, मग ठीक. तिचे हात जन्मभर तव्यावरची भाकरी बोटांनी उलटणारे. त्या हातांना काय सोसत नव्हतं?

"लागतंय का?" ती ओठांनी विचारायची.

"न्हाय. अजून ठेव."

असं किती दिवस चाललं असेल कोण जाणे. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि मी घरी आले. मे महिन्यातलं सोलापूर म्हणजे फरशीवर पाय ठेववत नाही, पंख्याचा वारा तोंडावर वाफ सोडतो, माणसं ओल्या चादरी खिडकीला बांधून पडून राहतात. त्या उकाड्यात, पत्रे तापून घर भट्टी झालेलं असताना, आईनं तव्यावरून वीट काढली आणि माझे वडील समाधानानं पाय पसरून बसले. मी चिडलेच. "अण्णा, या उन्हात शेक? डोकं फिरलंय का तुमचं?" ते म्हणाले, "गार पडलेत गं पाय. बर्फागत." मी त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि उलटा करून बघितला.

तळपायाला मोठा फोड येऊन फुटलेला होता. करंगळी काळी पडलेली. वास येत होता. मला क्षणभर कळेना की हे माझ्याच वडिलांचं पाऊल आहे का. मी वर बघितलं तर ते माझ्या तोंडाकडे बघत होते, माझ्या ओठांवर काय येतंय त्याची वाट बघत. त्यांना काहीच लागत नव्हतं.

रविवार होता. मोठ्या दवाखान्यातली रोजची तपासणी बंद. कुंभारीच्या रस्त्यावर एक डॉक्टरीणबाई नव्यानं बसत होत्या, त्यांच्याकडे रिक्षा करून आम्ही तिघं गेलो. बाई वयानं माझ्याहून लहान. मला तर बघूनच धीर सुटला, की ही काय करणार. त्यांनी तिघांनाही आत बोलावलं आणि बसवलं. अण्णांना डॉक्टरांसमोर बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. बाईंच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी विचारलं, "काका, मूळ गाव कुठलं तुमचं?"

अण्णांनी मान डोलावली. "व्हय, व्हय."

बाई थांबल्या. आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. बाईंनी मास्क काढून बाजूला ठेवला, खुर्ची फिरवून उजेड आपल्या तोंडावर घेतला आणि तोच प्रश्न परत विचारला, ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात. अण्णांचा चेहरा असा सुटला की काय सांगू. त्यांनी गाव सांगितलं. मग कारखाना सांगितला, मागांची ओळ सांगितली, चहा सांगितला. कामावर डोळा लागू नये म्हणून दिवसभर गोडमिट्ट चहा प्यायचे, हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं. बाई विचारत गेल्या. झोप येते का, घरात स्वयंपाक कोण करतं, भाकरी की भात, काम सुटल्यावर दिवस कसा जातो. पायाच्या जखमेचा वास सगळ्या खोलीत भरला होता आणि त्या विचारत होत्या की काम सुटल्यावर दिवस कसा जातो. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, की बाई, आधी पाय बघा. पण अण्णा बोलत होते. इतक्या वर्षांत डॉक्टरांशी बोलत होते.

"जात न्हाय," अण्णा म्हणाले. "दिवस जातच न्हाय."

मग त्यांनी पाय बघितले, दोन्ही. कपाटातून एक जाडसर धागा काढला, एका दांडीला बसवलेला. तो पावलाला टोचून बघतात, लागतो की नाही ते कळायला. अण्णांनी हात पुढे केला. "बगू." बोटांत धरून चोळला आणि म्हणाले, "नायलॉन हाय." सुताचा नंबर बोटानं सांगणारा माणूस. बाई हसल्या. मग म्हणाल्या, "आता डोळे मिटा, आणि धागा लागला की हात वर करा." मी बघत होते. धागा अंगठ्याला टेकला, वाकला. टाचेला टेकला, वाकला. मधोमध टेकला, वाकला. अण्णा डोळे मिटून, शहाण्या पोरासारखे, हात वर करायची वाट बघत बसले होते. हात काही वर गेला नाही. आईनं तोंड फिरवलं.

"काका, पाय कधीपासून बधिर झालेत?"

अण्णांनी लगेच सांगितलं, विचार करायची गरजच नव्हती. "कारखान्यात माग थरथरायचे थांबले तवापासनं."

बाईंना कळलं नाही. मग अण्णांनी नीट सांगितलं. कान गेल्यावर माग ते पायांनी ऐकायचे. अनवाणी उभं राहिलं की फरशीतून थरथर यायची, आणि मागचा एखादा माग बंद पडला तर पाठ तिकडं असूनही तळपायाला कळायचं. एक दिवस ती थरथर कमी झाली. मग नाहीशीच झाली. "मला वाटलं मालकानं फरशी बदलली. कुनाला इचारू? आन मग माग बंद पडल्यालं कळंना झालं. बोलनी खाल्ली. सोडलं काम." आम्हाला त्यांनी सांगितलं होतं की वय झालं.

म्हणजे पाय जाणार हे पायांनी तेव्हाच सांगितलं होतं. अण्णांनाही कळलं होतं. दर महिन्याला ते चार-चार डॉक्टरांच्या समोर जात होते, पण हे विचारणारं कुणी नव्हतं, आणि विचारलं असलं तर कापडाआडून.

मग बाईंनी विचारलं, "हे भाजलंय कशानं?"

आई सरसावून बसली. एवढा वेळ ती गप्प होती, आता तिचा विषय निघाला. "भाजलं न्हाय बाई. मी देते की शेक. रोजचा. चुकवत न्हाय कदी. पाव्हणे असूं दे, सण असूं दे." तिच्या बोलण्यात अभिमान होता. माझ्या आईला ओठ वाचायची सवय आहे, पण गप्प राहिलेले ओठही तिला वाचता येतात. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "मावशी, तुम्ही मायेनं केलंत," म्हणाल्या. "पण पायाला कळत नव्हतं ना, म्हणून चटका कळला नाही. तुम्हाला हे आधीच कुणीतरी समोर बसवून सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं असंल," अण्णा मध्येच म्हणाले. मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं. "मला सांगितलं असंल तितल्या डॉक्टरांनी. मला काय कळलं न्हाय. मी मान हलवली. हिला काय म्हाईत? हिची काय चूक न्हाय."

आई रडली नाही. तिनं पदरानं अण्णांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि हात मांडीवर ठेवून बसली. त्या हातांकडे मात्र ती परत परत बघत होती.

पाय वाचवायचा प्रयत्न करू, असं बाई म्हणाल्या. वाचेलच असं त्यांनी म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्यांनी मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनना स्वतः फोन केला. पायाबद्दल तर सांगितलंच, पण हेही सांगितलं की यांच्याशी बोलताना मास्क काढा. सगळ्या डॉक्टरांच्या गोळ्या एकत्र मांडून दोन काढून टाकल्या, कारण त्यांचं काम दुसऱ्या गोळ्या करतच होत्या. आईला पथ्याचा छापील कागद दिला नाही. तुम्ही काय रांधता ते सांगा म्हणाल्या आणि त्यातलंच कमी-जास्त केलं. ज्वारीची भाकरी राहिली, शेंगाचटणी थोडी, रात्रीचा भात गेला, चहातली साखर गेली. अण्णा म्हणाले, "साखर गेली तर चहाला तोंड कशाला लावायचं?" पण सोडली. एक महिनाभर घरात असं वाटत होतं की माणूस परत चौघांकडून गोळा होऊन एका जागी आलाय. ड्रेसिंगला जाताना ते स्वच्छ शर्ट घालायचे. बाईंशी बोलायला मिळायचं ना. रिक्षात बसल्या बसल्या मला सांगायचे, आज तिला धोट्याचं सांगतो.

शाळा सुरू झाली तरी मी रजा काढून थांबले. जखम वरून भरल्यासारखी दिसायची आणि आतून पसरायची. करंगळी गेली, मग शेजारचं बोट गेलं. मग एके सकाळी ताप भरला आणि घोट्याच्या वर लाली चढली. सर्जननी मास्क काढून, अण्णांच्या समोर बसून सांगितलं. फार चांगलं सांगितलं, स्वच्छ, एकेक शब्द. अण्णांना पहिल्याच खेपेला सगळं कळलं. मला तेव्हा वाटलं, हे एवढं तरी कळायला नको होतं.

गुडघ्याखालून पाय काढला.

बाई वॉर्डात आल्या होत्या. माझ्याशी बोलताना म्हणाल्या की थोडं आधी आला असता तर. वाक्य पुरं केलं नाही. मला त्यांचा राग आला, मग दवाखान्याचा आला, मग मास्कचा, मग कारखान्याचा, आणि शेवटी कुणाचाच येईना. राग ठेवायला जागा लागते. इथं जो तो आपापलं काम करत होता. आईसुद्धा.

घरी आणल्यावर बाईंनी आईला दुसरा पाय राखायला शिकवलं. रोज संध्याकाळी आई तो पाय मांडीवर घेते, बोटांच्या फटी बघते, आरशाचा तुकडा धरून टाच बघते. पाय धुवायचं पाणी कोमट आहे का ते स्वतःच्या हातानं बघत नाही, मी घरी असले की मला बोलावते. "तू बग. माझ्या हाताचं काय खरं न्हाय," म्हणते. मला हे ऐकवत नाही.

अकलूजला परत जायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दिवेलागण झाली होती, आईच्या भाकऱ्या झाल्या होत्या. अण्णा कॉटवर उशीला टेकून बसले होते, चादरीखाली एक पाय पूर्ण आणि एक अर्धा. ते एकदम म्हणाले, "अगं, पाय गार पडलाय."

आई धावली. उरलेल्या पायाला हात लावला. "ह्यो न्हाय," अण्णा म्हणाले. "त्यो. उजवा. लई गार पडलाय बग. वीट आन की."

बाईंनी आम्हाला सांगितलं होतं की असं होतं. काढलेला पाय आहे असं वाटत राहतं, दुखतो, खाजतो, गार पडतो. ऐकलेलं असूनही मी जागची हलले नाही. इतके दिवस ज्या पायाला वीट कळली नाही, धागा कळला नाही, तो नसताना आता अण्णांना कळत होता.

आई त्यांच्या समोर कॉटच्या कडेला बसली. दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर होता. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, ती म्हणाली, "त्यो पाय न्हाय आता."

अण्णा तिच्या ओठांकडे बघत होते. शेडच्या दुसऱ्या टोकावरून शिवी वाचणारा माणूस. ते म्हणाले, "काय?"

आईनं परत सांगितलं, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून.

अण्णांनी मान डोलावली. "व्हय, व्हय," म्हणाले.

ती मान मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बघितली होती. आईनंही बघितली होती. तिनं तिसऱ्यांदा सांगितलं नाही. चादर सरळ करून ती रिकाम्या जागेशी हात ठेवून बसून राहिली, आणि गॅसवर तवा तसाच तापत होता.